नाव गाण्याला, राख गावाला

आत्यांनी उभी हयात महाविद्यालयात भूशास्त्र शिकवलं. भाचा ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे. पाश्चात्त्य रॉक, जॅझ आणि मेटल संगीतात भूशास्त्रातली नावं सर्रास येतात: कालखंडांची, खडकांची, हरवलेल्या महाखंडांची. आत्यांच्या मते ही उचलेगिरी आहे. भाच्याचं म्हणणं, शास्त्राच्या पुस्तकात पडून असलेल्या नावांना गाण्यांनीच पाय दिले. दोघांचा हा वाद.

आत्या: त्या बॉन इव्हेरपासून सुरुवात करू. २०११ साली त्यांचं 'होलोसीन' आलं, ग्रॅमीच्या दोन मोठ्या पारितोषिकांसाठी त्याला नामांकनही मिळालं. माझा आक्षेप साधा आहे. होलोसीन या शब्दाला सुरुवात आहे: इ.स. २००० च्या मागे ११,७०० वर्षं. ती सुरुवात ग्रीनलंडच्या बर्फातून काढलेल्या एका गाभ्यात, ठरावीक खोलीवर बोट ठेवून दाखवता येते. जगातल्या कुठल्याही भूशास्त्रज्ञापुढे हा शब्द उच्चारला की त्याच्या मनात तीच रेषा येते. ती ठरवायला लोक वर्षानुवर्षं भांडलेत. आणि गाण्याचा कर्ता, जस्टिन व्हर्नन, काय सांगतो? पोर्टलंडमध्ये या नावाचा एक बार आहे!

भाचा: बार आहे आणि भूशास्त्रातला कालखंडही आहे, असं तो म्हणाला होता. तू अर्धंच उचललंस.

आत्या: बरं, दोन्ही. पण गाण्यात तो कालखंड कुठे आहे?

भाचा: गाण्यातल्या माणसाला अचानक उमगतं की आपण फार लहान आहोत. हे लहानपण मोजायचं तर कशाशेजारी उभं राहायचं? शेती, गावं, लिपी, राज्यं, देव, सगळं ज्या काळात मावलं त्या काळाशेजारी तो उभा राहिला. मला तरी याहून नेमकं नाव सुचत नाही.

आत्या: मग तुझ्या बाजूचा एक मुद्दा मीच तुला देते. व्हर्नन विस्कॉन्सिनचा. उत्तर अमेरिकेतल्या शेवटच्या हिमावरणाला भूशास्त्रात 'विस्कॉन्सिन' असंच नाव आहे. तो बर्फ हटला तेव्हा होलोसीन सुरू झाला. ज्याच्या राज्याचं नाव बर्फाला मिळालं, त्याने बर्फानंतरच्या काळाचं नाव गाण्याला दिलं. हे त्याला माहीत असतं आणि गाण्यात कुठे तरी जाणवलं असतं, तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

भाचा: पण हे मला सांगायला तुला निमित्त कुणी दिलं? त्या गाण्यानेच ना?

आत्या: मी आधीपासून शोधणारी बाई आहे, म्हणून मिळालं. बाकीच्यांचं काय? २०१८ साली होलोसीनचे अधिकृतपणे तीन भाग झाले. शेवटच्याचं नाव मेघालयन. मेघालयातल्या मॉम्लू गुहेत थेंब थेंब साचून वाढलेल्या चुन्याच्या खांबात ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण सापडली, तिथून हा भाग सुरू होतो. म्हणजे तू आणि मी या घडीला मेघालयन काळात बसून वाद घालतोय. पृथ्वीच्या कालगणनेत आपल्या देशातल्या एका राज्याचं नाव कोरलं गेलं, आणि ते 'होलोसीन' ऐकणाऱ्यांतल्या कितीजणांना ठाऊक आहे?

भाचा: आणि तुमच्या शास्त्राने तरी नावं कुठून आणली? केंब्रियन हे वेल्सच्या लॅटिन नावावरून. ऑर्डोव्हिशियन आणि सिल्युरियन तिथल्याच प्राचीन टोळ्यांवरून. डेव्होनियन इंग्लंडमधल्या डेव्हनवरून, पर्मियन रशियातल्या पर्मवरून. पहिली उचल तुमचीच.

आत्या: उचल खरी, पण त्या जागी ते खडक खरोखर उघडे पडलेले आहेत. आमच्या नावांना पत्ता असतो. शंका आली तर तिथे जाऊन हातोडी मारून बघता येतं.

भाचा: मग गोंडवनाचं बोलू. वेल्समधल्या टोळ्या रोमन काळातल्या, त्यांची परवानगी कोण मागणार? गोंड तर आजही चंद्रपूर-गडचिरोलीत आहेत.

आत्या: भूशास्त्रज्ञ मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमारास मध्य भारतातल्या एका खडकमालेला ते नाव दिलं. गोंड राजांचा तो मुलूख, म्हणून गोंडवन. मग ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये त्याचा विस्तार केला. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका इथल्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या एकाच वनस्पतीची जीवाश्म पानं सापडतात, तेव्हा या भूमी पूर्वी एकत्र असणार असा त्यांचा तर्क. त्या एकत्र भूमीला त्यांनी गोंडवनभूमी म्हटलं. पुढे तर अंटार्क्टिकाही त्यात आलं.

भाचा: म्हणजे विदर्भातल्या जंगलातल्या लोकांचं नाव दक्षिण ध्रुवापर्यंत गेलं, आणि त्या लोकांना काय मिळालं? त्यांच्या नावाच्या खडकांतून वर्धा खोऱ्यात कोळसा निघतो. देशातला बहुतांश कोळसा गोंडवन खडकांतलाच. नावाचा मान जगाला, खाणीची धूळ तिथल्यांना. एखाद्या संगीतकाराने याहून मोठी उचलेगिरी केल्याचं मला तरी माहीत नाही.

आत्या: यावर माझ्याकडे उत्तर नाही. शास्त्राने नाव घेतलं, माणसं तळटीपेतही ठेवली नाहीत. पण संगीताने तरी ठेवली का? तू आता त्या माइल्स डेव्हिसकडे वळणार, मला माहीत आहे.

भाचा: वळणारच. १ फेब्रुवारी १९७५, जपानमधलं ओसाका. एकाच दिवशी दोन मैफली. दुपारचीचं ध्वनिमुद्रण 'अघार्ता' नावाने निघालं, संध्याकाळचीचं 'पँजिया' नावाने. विजेवर चालणारी ट्रंपेट, दोन गिटारी, ढोलताशाला लाजवेल असा तालाचा घट्ट थर. 'पँजिया'त फक्त दोन तुकडे आहेत, पण प्रत्येक चाळीस मिनिटांहून लांब. एकाचं नाव 'झिम्बाब्वे', दुसऱ्याचं 'गोंडवाना'.

आत्या: थांब. पँजियाच्या आत गोंडवाना?

भाचा: हो. का?

आत्या: कारण ते बरोबर आहे! गोंडवन पँजियापेक्षा जुनं. ते आधी जुळलं, आणि पुढे, साधारण ३३ कोटी वर्षांपूर्वी, बाकीचे खंड त्याला येऊन भिडले तेव्हा पँजिया झालं. पँजियाचा दक्षिणेकडचा अर्धा भाग म्हणजे गोंडवनच. आणि झिम्बाब्वे गोंडवनात. परीक्षेत मुलं हा क्रम उलटा लिहायची.

भाचा: आणि १९७५ मध्ये सरकारी नकाशांवर झिम्बाब्वे नव्हताच, ऱ्होडेशिया होता. झिम्बाब्वे हे स्वातंत्र्य मागणाऱ्यांचं नाव, ते अधिकृत झालं १९८० मध्ये. मी हे असं वाचतो: आफ्रिकेकडे डोळे लावलेल्या त्या काळातल्या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीताला अशी भूमी हवी होती, जी फाटण्याआधी एक होती. मध्ये समुद्र आला, जहाजं आली, गुलामी आली. त्याच्या आधीचं काही तरी. त्याला 'पँजिया' हा शब्द आयता मिळाला.

आत्या: हे तुझं वाचन. डेव्हिसच्या तोंडी घालू नकोस.

भाचा: नाही घालत. पण नाव ठेवल्यावर असं वाचता येतं, एवढं तरी मान.

आत्या: मानलं. आणखी कोण कोण आहेत गोंडवनवाले?

भाचा: चिलीतला 'गोंडवाना' हा रेगे गट, १९८७ पासूनचा. आणि मँचेस्टरची 'गोंडवाना रेकॉर्ड्स' ही जॅझची कंपनी, ट्रंपेटवादक मॅथ्यू हॅल्सॉल यांनी २००८ मध्ये काढलेली. चिली निदान गोंडवनात होतं. मँचेस्टरवर तू तुटून पडणार.

आत्या: मुळीच नाही. इंग्लंड आणि वेल्स ज्या भूखंडावर आहेत तो ॲव्हलोनिया, आणि तो साधारण ४८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवनाच्या काठावरूनच तुटून उत्तरेला गेला. मँचेस्टरवाल्यांचा हक्क जुना आहे, त्यांनाच पत्ता नसेल! पण माझा मुद्दा शाबूत आहे. सँतियागो, ओसाका, मँचेस्टर, सगळीकडे गोंडवन पोचलं, आणि कुठल्याही श्रोत्याला गोंड कोण हे कळलं नाही. नाव जितकं लांब जातं तितकं हलकं होतं. शास्त्रातही आणि संगीतातही.

भाचा: मग जो गट नाव हलकं होऊ देत नाही, त्याचं काय करशील? बर्लिनचा 'द ओशन' हा मेटल गट. २००७ साली त्यांचा 'प्रीकेंब्रियन' आला. दोन चकत्या. पहिलीवर हेडियन आणि आर्कियन, दुसरीवर प्रोटेरोझोइक. गाण्यांची नावं तुमच्या तक्त्यातून, तुमच्याच क्रमाने: सायडेरियन, ऱ्हायेशियन, ओरोसिरियन, असं करत क्रायोजेनियनपर्यंत. मग 'फॅनेरोझोइक'चा पहिला भाग २०१८ मध्ये, दुसरा २०२० मध्ये, आणि २०२३ मध्ये 'होलोसीन'. पृथ्वीच्या जन्मापासून आजपर्यंतचा अख्खा तक्ता.

आत्या: क्रायोजेनियनपर्यंत? आणि एडिआकारन?

भाचा: तो नाही.

आत्या: २००४ साली मान्यता मिळालेला कालखंड, प्रीकेंब्रियनमधला शेवटचा, मऊ शरीराच्या पहिल्या मोठ्या सजीवांचा. तोच गाळला! गुण कापले.

भाचा: काप. पण ऐकायला बसलीस तर बाकीचे द्यावे लागतील. पहिली चकती आखूड, राकट, सतत घणाचे घाव. दुसरी तिच्या जवळजवळ तिप्पट लांब, तिच्यात तंतुवाद्यं आहेत, पियानो आहे, थांबे आहेत.

आत्या: पण हेडियन आणि आर्कियन मिळून दोनशे कोटी वर्षांहून जास्त काळ होतो. प्रोटेरोझोइकही साधारण तेवढाच. मग पहिलीला इतकी कमी मिनिटं का?

भाचा: हेडियनचे खडक किती उरलेत?

आत्या: जवळजवळ नाहीतच. मुख्यतः झिरकॉनचे कण, तेही पुढच्या काळातल्या खडकांत अडकलेले.

भाचा: मग जेवढे खडक, तेवढी मिनिटं!

आत्या: ही तुझी पळवाट आहे. चांगली आहे, पण पळवाटच. तरी सांगते, असं काही कानावर पडलं की मला बरं वाटतं. सायडेरियन म्हणजे लोखंडाचा काळ. समुद्रात ऑक्सिजन वाढू लागला, पाण्यात विरघळलेलं लोह गंजलं आणि पट्ट्यापट्ट्यांनी तळाशी बसलं. जगातल्या लोखंडाच्या मोठ्या खाणींची ही जन्मकथा. ती सांगताना मागच्या बाकावरची मुलं झोपायची.

भाचा: मी सायडेरियन हा शब्द पहिल्यांदा त्या अल्बमच्या पाठीवर वाचला. आत्या भूशास्त्राची असूनही! नंतर अर्थ शोधला.

आत्या: तू शोधलास. बरं, 'फॅनेरोझोइक'मध्ये पर्मियनचं काय केलंय?

भाचा: पहिल्या भागाचं शेवटचं गाणं पर्मियनच्या नावाचं, आणि नावातच महामृत्यूचा उल्लेख.

आत्या: योग्य. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी समुद्रातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रजाती संपल्या. कारण बहुधा सैबेरियन ट्रॅप, म्हणजे भेगांतून उसळून थरावर थर साचत गेलेला लाव्हा. आपल्या डेक्कन ट्रॅपचं थोरलं भावंड.

भाचा: ट्रॅपवरून आठवलं. अटलांटाच्या टी. आय. या रॅपरचा २००३ चा अल्बम 'ट्रॅप म्युझिक'. आता तर 'ट्रॅप' हा अख्खा संगीतप्रकार झालाय, मराठी पोरंही ट्रॅपच्या ठेक्यावर रॅप करतात. सह्याद्रीत बसून ट्रॅपवर ट्रॅप!

आत्या: त्यात अर्थ शोधू नकोस. आमचा ट्रॅप स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला, कारण लाव्ह्याचे थर झिजून डोंगराला पायऱ्या पडतात. हरिश्चंद्रगडाच्या अंगावर बघ. तुझा ट्रॅप अटलांटाच्या गल्ल्यांतला, जिथे अंमली पदार्थ विकतात त्या घराचं बोलीतलं नाव. दोघांची गाठ पडली ती निव्वळ योगायोगाने. असल्या जोड्या बाजूला काढ. आपला वाद जाणूनबुजून घेतलेल्या नावांचा.

भाचा: मग जाणूनबुजून घेतलेलं एक देतो. 'सन' या अमेरिकी गटाचा २०१९ चा 'पायरोक्लास्ट्स'. चार तुकडे, प्रत्येक दहा-अकरा मिनिटांचा, गिटारीचा एकच सूर ताणून ताणून धरलेला.

आत्या: हे तर उलटंच! पायरोक्लास्टिक प्रवाह म्हणजे तापलेला वायू, राख आणि दगड यांचा लोंढा. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेग, शेकडो अंश तापमान. त्याच्यापुढे पळता येत नाही. आणि यांचा सूर जागचा हलत नाही.

भाचा: पण नाव 'प्रवाह' नाही, 'पायरोक्लास्ट्स' आहे. त्याचा अर्थ?

आत्या: स्फोटात बाहेर फेकले गेलेले तुकडे. राख, खडे, मोठे गोळे.

भाचा: त्याच वर्षी त्यांचा 'लाइफ मेटल' हा मुख्य अल्बम आला होता. तो मुद्रित करताना ही मंडळी रोज एक रियाजासारखा सूर धरायची. तो रियाजही मुद्रित झाला. मुख्य काम घडताना जे बाहेर पडलं, त्याचा दुसरा अल्बम झाला.

आत्या: म्हणजे नाव संगीताच्या आवाजाला नाही, ते कसं जन्मलं त्याला दिलं. हे मला पटतं. माझी कसोटीच ती आहे: घेतलेल्या नावातली प्रक्रिया कामात उतरली पाहिजे. ब्योर्कच्या 'म्युच्युअल कोअर'मध्ये ती उतरते. २०११ चा 'बायोफिलिया' अल्बम. ती आइसलँडची, जिथे दोन भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर एकमेकांपासून दूर जातात. गाण्यात ऑर्गनचे शांत सूर दाब साठवत राहतात आणि मध्येच ताल फुटून बाहेर येतो. भूकंप असाच होतो. बराच काळ काही नाही, मग सगळं एकदम. शिवाय तिने त्या अल्बमवरून शाळकरी मुलांसाठी विज्ञान आणि संगीत एकत्र शिकवण्याचा उपक्रमही सुरू केला.

भाचा: तुझी कसोटी चांगली आहे, पण ती शिक्षिकेची आहे. रोलिंग स्टोन्सचं 'कॉन्टिनेन्टल ड्रिफ्ट' तिच्यावर नापास होईल.

आत्या: आधीच झालंय. १९८९ चं गाणं ना? तोवर आम्ही तो शब्दप्रयोग मागे टाकून वीस वर्षं होत आली होती. १९१२ मध्ये वेगेनर यांनी खंड सरकतात असं मांडलं, पण ते कशामुळे सरकतात हे त्यांना पटवता आलं नाही. १९६० च्या दशकात समुद्रतळ पसरताना दिसला आणि प्लेट टेक्टॉनिक्स आलं.

भाचा: आणि तरी ऐक. त्या गाण्यासाठी स्टोन्स मोरोक्कोतल्या टँजिअरला गेले आणि तिथे जजूका गावच्या परंपरागत वादकांना सोबत घेऊन वाजवलं. टँजिअर कुठे आहे?

आत्या: जिब्राल्टरच्या तोंडाशी. आफ्रिका आणि युरोप जिथे वर्षाला काही मिलिमीटर जवळ येतात... बरं. अर्धे गुण.

भाचा: बाकीचे अर्धे पुढे आहेत. ते गाणं ज्या 'स्टील व्हील्स' अल्बममधलं, तो बराचसा माँटसेराटला मुद्रित झाला.

आत्या: सुफ्रिएर हिल्स ज्वालामुखीचं माँटसेराट?

भाचा: तेच. कॅरिबियनमधलं शंभर चौरस किलोमीटरचं बेट. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९७९ मध्ये तिथे स्टुडिओ काढला. 'पोलीस', 'डायर स्ट्रेट्स' असे गट, सगळे तिथे गेले. पहिल्याच वर्षी जिमी बफेने तिथे एक अल्बम केला आणि बेटावरचा डोंगर बघून त्याचं नाव ठेवलं 'व्हॉल्केनो'. त्यातलं त्याच नावाचं गाणं म्हणजे निव्वळ मजा: ज्वालामुखी फुटला तर पळायचं कुठे? लोक त्याच्यावर नाचले. १९८९ मध्ये 'स्टील व्हील्स' बाजारात आला आणि तीन आठवड्यांच्या आत ह्यूगो चक्रीवादळाने स्टुडिओ मोडला. आणि जुलै १९९५ मध्ये डोंगर खरोखर फुटला. राजधानी प्लिमथ रिकामी करावी लागली, पुढे ती राखेखाली गेली. २५ जून १९९७ ला तुझ्या त्या पायरोक्लास्टिक प्रवाहाने १९ माणसं मारली. बेटावरच्या अकरा-बारा हजारांपैकी निम्म्याहून जास्त लोक बेट सोडून गेले. गाण्यात ते सोळा वर्षं आधीच आलं होतं. तू म्हणतेस नाव हलकं होतं. इथे तर ते भाकीत ठरलं!

आत्या: भाकीत म्हणू नकोस, मला राग येतो. त्या डोंगराने खाणाखुणा दिल्या होत्या. १८९७ च्या आसपास, १९३० च्या दशकात आणि १९६६-६७ मध्ये तिथे भूकंपांच्या मालिका झाल्या, साधारण तीस-पस्तीस वर्षांच्या अंतराने. पुढची पाळी १९९० च्या दशकात येणार, हे गणित शाळकरी मुलालाही जमलं असतं. शिवाय १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्या ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा तयार केला आणि प्लिमथ धोक्यात आहे असं स्पष्ट दाखवलं. त्याकडे कुणी पुरेसं लक्ष दिलं नाही. ह्यूगोनंतरची नवी बांधकामंसुद्धा प्लिमथमध्येच उभी राहिली.

भाचा: मग तूच सांग. नकाशा किती जणांनी पाहिला? आणि गाणं किती जणांनी ऐकलं?

आत्या: हा प्रश्न माझ्या बाजूचा आहे की तुझ्या?

भाचा: दोघांच्याही. नकाशात सगळं होतं, पण तो कपाटात राहिला. गाणं घरोघर गेलं, पण त्यात नावाखेरीज काही नव्हतं. प्रश्न बरोबर विचारला होता, पळायचं कुठे म्हणून, पण थट्टेत. थट्टेला कोण उत्तर देतं?

आत्या: आणि आम्ही उत्तर लिहिलं, पण ज्याला पळायचं होतं त्याच्या भाषेत लिहिलं नाही. असं बघ, मी इतका वेळ नाव हलकं होण्याची काळजी करत होते. माँटसेराटमध्ये जड नावानेही काम केलं नाही. खडकातली रेषा, टक्के, नकाशातले रंग, सगळं बरोबर असून उपयोग शून्य.

भाचा: तरी शेवटी गाणं उपयोगी पडलंच. १५ सप्टेंबर १९९७ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जॉर्ज मार्टिन यांनी माँटसेराटच्या मदतीसाठी मैफल केली. मॅकार्टनी, क्लॅप्टन, स्टिंग होते, आणि बेटाचाच गायक ॲरो होता, ज्याचं 'हॉट हॉट हॉट' आपल्याकडेही ऐकलं गेलं. बफेने तिथे 'व्हॉल्केनो' म्हटलं. आता तेच शब्द वेगळे ऐकू येत असणार. पुढे मार्टिन यांच्याच पुढाकाराने बेटाच्या सुरक्षित उत्तर भागात सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं.

आत्या: फुटल्यानंतर. संगीत मागाहून येतं. शास्त्राचं काम आधी यायचं आहे.

भाचा: नेहमी नाही. अँथ्रोपोसीन घे. ग्राइम्सचा 'मिस अँथ्रोपोसीन' हा अल्बम फेब्रुवारी २०२० मध्ये आला, हवामानबदलाला खलनायिका देवी करून. तुमची समिती तेव्हा अजून ठरवतच होती.

आत्या: समितीने नंतर ठरवलं, आणि विरुद्ध ठरवलं. २००० साली पॉल क्रुट्झेन यांनी हा शब्द पुढे आणला: माणसाने पृथ्वी इतकी बदलली की होलोसीन संपला असं म्हणावं. कॅनडातल्या क्रॉफर्ड तळ्याच्या गाळात अणुचाचण्यांच्या प्लुटोनियमची रेषा आहे, तिथे सीमा धरावी असा प्रस्ताव झाला. मार्च २०२४ मध्ये तो मतदानात फेटाळला गेला. कारण साधं आहे. माणसाचा हात शेतीपासून फिरतोय, त्याची सुरुवात १९५० च्या सुमाराला एका रेषेवर ठोकून बसवता येत नाही.

भाचा: म्हणजे अधिकृतपणे अँथ्रोपोसीन नाही. पण अल्बम आहे, पुस्तकं आहेत, माणसांच्या तोंडी शब्द आहे. शास्त्राने परत घेतलेलं नाव बाहेरच्यांनी परत केलं नाही. आता त्याचं काय करशील? गुण कापशील?

आत्या: नाही. मी बजावून सांगेन की हा शब्द कालखंड म्हणून वापरू नका, इशारा म्हणून हवा तेवढा वापरा. कालखंडाला रेषा लागते, इशाऱ्याला लागत नाही.

भाचा: हे तू दोन तासांपूर्वी मान्य केलं नसतंस.

आत्या: दोन तासांपूर्वी माँटसेराट आलं नव्हतं. पण तू फार खूश होऊ नकोस. प्लिमथच्या प्रत्येक माणसाला त्या डोंगराचं नाव तोंडपाठ होतं, गाणंही माहीत असेल. नाव माहीत असूनही लोक तिथेच घरं बांधत राहिले. तुझ्या अँथ्रोपोसीनचं नेमकं तेच होईल, अशी मला भीती आहे. लोक शब्द गुणगुणतील आणि किनाऱ्यावर इमले चढवत राहतील.

भाचा: आणि मला भीती आहे ती तुमच्या समितीची. शब्द फेटाळला म्हणून काळजीही फेटाळली, असं कुणी तरी सोयीने वाचणार. तेव्हा त्याला उत्तर द्यायला तू रेषा दाखवशील, मी अल्बम लावीन.

आत्या: लाव. पण लावण्याआधी नकाशा उघडून ठेव.